पांझरेच्या काठचे फड

महाराष्ट्रात आज आधी ऊस लावायचं ठरतं, मग पाण्याची शोधाशोध सुरू होते. बोअर आणखी खोल जातं, धरणाचं आवर्तन वाढवून मागितलं जातं. धुळे जिल्ह्यात पांझरा नदीच्या काठी मात्र तीन-चारशे वर्षं याच्या उलट रीत होती. नदीत पाणी किती, ते आधी बघायचं. पीक त्यानंतर ठरायचं.

पांझरा साक्री तालुक्यात सह्याद्रीत उगम पावते आणि धुळ्यावरून पुढे जाऊन तापीला मिळते. तिच्यावर एकाखाली एक असे दगड-चुन्याचे बुटके बंधारे बांधले गेले. त्यांचं काम पाणी साठवण्याचं नव्हे, तर पातळी उचलून ते पाटात वळवण्याचं. पुढे उतारच पाणी वाहून नेई. वरच्या बंधाऱ्यावरून सांडलेलं, शेतांतून पाझरलेलं पाणी खालच्या बंधाऱ्याच्या कामी येई. नाशिक जिल्ह्यात मोसम नदीवरही हीच पद्धत होती.

पाटाखालच्या जमिनीचे बहुधा चार भाग पाडत, तेच फड. एका फडात त्या वर्षी एकच पीक. एका फडात ऊस, बाकीच्यांत हंगामी पिकं, आणि दरवर्षी फेरपालट. बहुतेकांची थोडीथोडी जमीन निरनिराळ्या फडांत असे. पाऊस कमी झाला की गावकरी एखादा फड पाण्याविना ठेवत. मग ती झळ एकट्यादुकट्याला न लागता सगळ्या गावात वाटली जाई. दुष्काळी मुलखाने शोधलेली ही फार मोठी गोष्ट आहे.

शेताला पाणी मालक स्वतः देतच नसे. ते काम पाटकऱ्याचं. फावड्याने एका शेताचं तोंड बुजवून तो दुसऱ्याचं उघडी. शेत कुणाचं, याच्याशी त्याला कर्तव्य नसे. उभ्या पिकाची राखण जागल्या करी, देखरेख हवालदार ठेवी. मोबदला बहुधा धान्यात. हंगामाआधी पाटातला गाळ काढायला सगळ्यांनी राबायचं.

या लोकांना ऊस नको होता असं नाही. तो त्यांनी पिढ्यान् पिढ्या पिकवला, पण पाणी पुरेल तेवढाच.

स्वातंत्र्यानंतर नदीच्या वरच्या अंगाला धरणं झाली, विहिरींवर विजेचे पंप बसले. ज्याच्या विहिरीला पाणी, त्याला फडाची गरज उरली नाही, आणि पाटावरची सामायिक मेहनत ओसरली. काही बंधाऱ्यांवर फड तरीही टिकले. १९९९ साली माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या सिंचन आयोगाचा अहवाल आला, तोवर सरकार शेतकऱ्यांनीच चालवायच्या पाणीवापर संस्थांची भाषा बोलू लागलं होतं. पांझरेकाठच्या गावांत तशी संस्था कागदावर नोंद न होताच कित्येक पिढ्या चालली होती.