मान आणि मुद्रा : विजेच्या मालावरील प्रमाणचिन्हाचा पूर्वेतिहास

शिक्का दिसला कीं कागद अस्सल, असें जाणता संग्राहक मानीत नाहीं. तो शिक्क्याबरोबर मजकूरहि वाचतो. विजेच्या मालावरील चिन्हाविषयीं मात्र ही सावधगिरी क्वचितच दिसते. म्हणून हें टिपण.

मान ठरविणें आणि वस्तु त्या मानास उतरली अशी ग्वाही देणें, हीं दोन कार्यें भिन्न होत. कौटिल्यानें वजनमापांच्या बाबतींत दोन्ही पौतवाध्यक्षाच्या प्रकरणांत सांगितलीं आहेत. वजनें लोखंडाचीं किंवा मगध-मेकल येथील दगडाचीं, पाण्यानें न वाढणारीं व उष्णतेनें न घटणारीं असावीं, हें मान. दर चार महिन्यांनीं तीं तपासून घ्यावीं, न घेणारास सव्वासत्तावीस पण दंड, ही ग्वाहीची व्यवस्था. मनु (अध्याय ८) तपासणीस सहा महिन्यांची मुदत देतो.

विजेच्या काळांत हा क्रम सर्वत्र सारखा राहिला नाहीं. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनांत विजेच्या तारांपासून आगीचें भय किती, हें पाहण्यास विल्यम मेरिल आले; १८९४ त विमेवाल्यांच्या आश्रयानें त्यांची परीक्षाशाळा निघाली. तीच पुढें ‘अंडररायटर्स लॅबोरेटरीज’ झाली. तिनें स्वतः प्रसिद्ध केलेलें पहिलें मान १९०३ चें, आणि तेंहि तारेचें नव्हे, पत्रा मढविलेल्या अग्निरोधक दारांचें! इंग्लंडांत उलट १९०१ सालीं मानें ठरविणारी समिति बसली आणि तिचें पतंगाकृति चिन्ह १९०३ त नोंदलें गेलें.

भारतानें दुसरा मार्ग घेतला. भारतीय मानक संस्था १९४७ सालची, तिच्या चिन्हाचा कायदा १९५२ चा. १९८७ पासून हें काम भारतीय मानक ब्यूरोकडे आहे. या चिन्हाची रचना आपल्या वाचकांस ओळखीची वाटेल. शिवकालीन पत्रांत माथ्यावर शिक्का व अखेरीस मोर्तब. येथें वर मानाचा क्रमांक, खालीं परवान्याचा. वरचा आंकडा कोणतें मान तें सांगतो, खालचा कोणास परवाना दिला तें.

वरच्या आंकड्यावांचून चिन्ह म्हणजे कोऱ्या कागदावरील शिक्का. ६९४ हा आंकडा ४५०/७५० व्होल्टपर्यंतच्या पी. व्ही. सी. आवरणाच्या तारांचा. तारेवर तो पाहून जोडफळी विकत घेणारास तिच्या प्लगाविषयीं त्या चिन्हानें एक अक्षरहि सांगितलेलें नसतें. प्लगाचा आंकडा १२९३. तो प्लगावरच शोधावा लागतो.