अस्थिभंगाचे प्राथमिक व्यवस्थापन

हाड मोडलेल्या रुग्णास अस्थिशल्यचिकित्सकाकडे पोहोचण्यापूर्वी गावातील दवाखान्यात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जे उपचार दिले जातात, त्यांस अस्थिभंगाचे प्राथमिक व्यवस्थापन म्हणतात. मोडलेले हाड जागेवर बसवणे हा या टप्प्याचा मुख्य हेतू नसतो. हाड काही दिवसांनीही जुळवता येते. मात्र रक्तपुरवठा तुटलेला अवयव काही तासांतच निकामी होतो.

निदान

वेदना, सूज, आकारातील विकृती आणि हालचाल न होणे ही अस्थिभंगाची नेहमीची लक्षणे होत. लहान मुलांत ती अस्पष्ट असू शकतात, कारण त्यांचे हाड कोवळ्या फांदीप्रमाणे तुटून वेगळे न होता एका बाजूस चिरते. घरातच घसरून पडलेल्या वृद्ध व्यक्तीला उठता येत नसेल, पाय आखूड दिसत असेल व पाऊल बाहेरच्या बाजूस वळलेले असेल, तर फारशी सूज नसली तरी खुब्याचा अस्थिभंग गृहीत धरावा लागतो. अनेक केंद्रांत क्ष-किरण यंत्र नसते. अशा वेळी संशयित अवयवास मोडलेलाच समजून आधार देणे हे सुरक्षित धोरण आहे.

आधार देणे

आधारासाठी वापरलेल्या फळीने मोडलेल्या जागेच्या वरचा व खालचा असे दोन्ही सांधे स्थिर व्हावे लागतात. हात मोडला असल्यास अंगठ्या व बांगड्या सूज वाढण्यापूर्वीच काढतात. हे साधे काम राहून गेले, तर पुढे बोट वाचवण्यासाठी अंगठी कापण्याची वेळ येते. मांडीचे हाड मोडल्यास बाहेर थेंबही न दिसता एक लिटर किंवा त्याहून अधिक रक्त आतल्या आत वाहू शकते. त्यामुळे नाडी व रक्तदाब पाहणे, शिरेतून द्रव देणे आणि थॉमस स्प्लिंट लावून तातडीने पुढे पाठवणे आवश्यक ठरते. महाराष्ट्रात त्यासाठी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावता येते.

घट्ट बंधाचा धोका

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात भग्नचिकित्सेचा स्वतंत्र अध्याय आहे. सैल बंधाने सांधा स्थिर राहत नाही आणि घट्ट बंधाने सूज, वेदना व पाक होतो, हे त्यात नमूद आहे. असे असूनही बांबूच्या कामट्या आवळून बांधण्याची पद्धत आजही आढळते. डॉक्टरने पहिल्याच दिवशी घातलेले पूर्ण, बंद प्लॅस्टरही तितकेच घातक ठरू शकते. सूज वाढत जाते, बंध मात्र सैलावत नाही. आतील दाब वाढून स्नायूंना रक्त मिळेनासे होते. यातून हाताची बोटे कायमची आखडतात. या विकृतीचे वर्णन जर्मन शल्यचिकित्सक रिचर्ड फोन फोल्कमन यांनी १८८१ मध्ये केले. कोपराच्या वर हाड मोडलेल्या मुलांत हा धोका विशेष असतो.

आधार दिल्यावरही वेदना वाढतच जाणे आणि दुसऱ्याने बोटे सरळ करताच ती असह्य होणे ही पहिली खूण होय. मुंग्या, बधिरता व फिकटपणा पुढे येतो. मनगटाची नाडी लागते म्हणून निश्चिंत राहणे चूक आहे, कारण ती बराच काळ टिकते. अशा वेळी केवळ वेदनाशामक देऊन वाट न पाहता प्लॅस्टर व त्याखालचा कापूस त्वचेपर्यंत चिरून मोकळा करतात. अवयव हृदयाच्या पातळीवर ठेवतात आणि शस्त्रक्रियेसाठी रुग्णास तत्काळ पाठवतात. यासाठीच सुरुवातीस अर्धे प्लॅस्टर घालून दुसऱ्या दिवशी बोटे तपासण्याची प्रथा आहे.

उघडा अस्थिभंग

जखमेतून हाड दिसत असल्यास ते आत ढकलू नये. ठळक घाण धुऊन ओले निर्जंतुक कापड झाकावे. प्रतिजैविक शक्यतो पहिल्या तासात व धनुर्वाताची लस द्यावी. जखम शिवू नये.

पाठपुरावा

न सरकलेले किरकोळ अस्थिभंग स्थानिक पातळीवरच बरे होतात. प्रौढांच्या मनगटास साधारण सहा आठवडे, तर नडगीस तीन महिने किंवा अधिक काळ लागतो. मुलांत तो बराच कमी असतो. या काळात प्लॅस्टरबाहेरील बोटांची हालचाल पहिल्या दिवसापासून चालू ठेवतात.