बीजसंख्या, संगणकीय खेळांतील

संगणकीय खेळातील भूप्रदेश ज्या मूळ संख्येपासून गणिती नियमांनी निर्माण केला जातो, ती संख्या. संख्या व नियम तेच असल्यास प्रदेशही तोच मिळतो; त्यामुळे तो आधी रेखाटून साठविण्याची गरज नसते. डेव्हिड ब्रेबेन व इअन बेल यांनी १९८४ मध्ये ३२ किलोबाइट स्मृतीच्या बीबीसी मायक्रो संगणकासाठी रचलेल्या ‘एलीट’ या खेळात या पद्धतीने ८ दीर्घिका व प्रत्येकीत २५६ ताऱ्यांचा समावेश केला. ‘माइनक्राफ्ट’मध्ये (२०११) ६४ बिटांच्या संख्येतून डोंगर, गुहा व समुद्र घडतात. खेळाडूने केलेले बदल मात्र स्वतंत्रपणे साठवावे लागतात. २०२१ मध्ये या खेळाचे भूरचनेचे नियम बदलल्यावर जुन्या संख्यांपासून निराळे प्रदेश निर्माण होऊ लागले. म्हणून एखादा प्रदेश पुन्हा मिळविण्यासाठी बीजसंख्येबरोबर खेळाच्या आवृत्तीची नोंदही आवश्यक ठरते.