साथीच्या दिवसांतील दमेकरी

साथीचा इतिहास लिहिणारांची एक खोड अशी आहे की, ते मेलेल्यांची गणती करितात, बरे झालेल्यांचीही करितात. परंतु साथ येण्यापूर्वीपासून जो आजारी होता आणि साथ गेल्यावरही आजारीच राहिला, त्याजकडे त्यांचे लक्ष सहसा जात नाही. आजारीपण हाच ज्याचा नित्याचा व्यवहार, त्याचे साथीत काय होते? त्यातही ज्याचे दुखणे छातीचे, त्याचे हाल साथ छातीवरच चालून येते तेव्हा काय होतात? खानदेशापुरता हा प्रश्न आम्ही येथे विचारणार आहो, आणि खानदेशातही जळगावाजवळचे असोदा हे गाव विशेषेकरून डोळ्यांपुढे ठेवणार आहो.

असोदा वाचकांस परिचित आहे ते बहिणाबाई चौधरी ह्यांचे माहेर म्हणून. त्या तेथे १८८० साली जन्मल्या आणि लग्न होऊन जळगावास गेल्या. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उघडकीस आला, व पुढे आगगाडीच्या वाटेने तो मुलूखभर पसरला. त्या प्लेगाने बहिणाबाईंचे पुत्र ओंकार ह्यांस कायमचे अपंगत्व आणिले. साथ निघून गेली. अपंगत्व घरात राहिले. सरकारी तक्त्यात अशा मनुष्याला रकाना नव्हता, कारण तो मेलेला नव्हता. दमेकऱ्याचीही गत हीच, आणि म्हणून हे उदाहरण आम्ही आरंभीच दिले.

खानदेशात छातीच्या विकाराला दोन जुनी कारणे आहेत, कापूस आणि चूल. दसऱ्यापासून फाल्गुनापर्यंत जिनांतून कापसाची सरकी वेगळी होते, तेव्हा जो बारीक धुरळा उडतो तो कामकऱ्याच्या छातीत जाऊन बसतो. कापसाच्या गिरण्यांतील मजुरांची छाती सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी अधिक आवळते, हे विलायतेतील लँकेशायरच्या गिरण्यांत फार पूर्वीच ध्यानात आले होते, व डॉ. शिलिंग ह्यांनी १९५० नंतरच्या दशकात त्याचा पद्धतशीर अभ्यास केला. चुलीची गोष्ट ह्याहून सार्वत्रिक. पऱ्हाट्या, तुरकाट्या आणि गोवऱ्या ह्यांच्या धुरात ज्या बाईची तीस-चाळीस वर्षे गेली, तिने विडी कधी ओढली नसली तरी तिची फुप्फुसे विडी ओढणाराप्रमाणेच झिजतात. धूम्रपान न करणारांच्या ह्या रोगाकडे जगाचे लक्ष वेधणारा १९०० पानी ग्रंथ नव्हे, पण एक महत्त्वाचा निबंध पुण्याचे डॉ. संदीप साळवी व लंडनचे डॉ. बार्न्स ह्यांनी २००९ साली प्रसिद्ध केला. आजचे डॉक्टर ह्या रोगाला सीओपीडी म्हणतात. २०१६ साली हिंदुस्थानात त्याचे साडेपाच कोटी रोगी असावेत, असा अंदाज आहे. गावात मात्र दमा, धाप, खोकला ह्या तीन शब्दांतच सर्व काही येते.

रोग्याची अडचण श्वास घेण्याची आहे, असे पाहणारास वाटते. वस्तुतः ती श्वास सोडण्याची असते. नळ्या सुजून अरुंद होतात, टोकाचे वायुकोश फुटून एकमेकांत मिसळतात, आणि आत गेलेली हवा पुरती बाहेर न येता छातीत कोंडून राहते. म्हणूनच जाणता रोगी ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडतो. हे त्याला पुष्कळदा कोणी शिकविलेले नसते.

अशा मनुष्याने प्लेगाचे दिवस कसे काढिले असतील? ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला. स्टेशनांवर उतारूंची तपासणी, घरांची झडती, संशयितांचे विलगीकरण हे सर्व त्याच्या मागोमाग आले. प्लेगाचा एक प्रकार फुप्फुसांचा असतो व त्यात खोकला येतो. ज्याला वीस वर्षे खोकला आहे, त्याने तपासनिसापुढे तो कसा लपवावा? शिवाय उंदीर पडू लागले की लोक गाव सोडून शेतात झोपड्या घालून राहत. प्लेगाचा जोर थंडीत, आणि मार्गशीर्ष-पौषाच्या रात्री उघड्या रानात निजणे म्हणजे दमेकऱ्याला धाकटे मरणच. हा आमचा तर्क आहे. परंतु ज्याने दमेकरी जवळून पाहिला आहे, त्याला तो ओढूनताणून केलेला वाटणार नाही.

१९१८ ची मानमोडी ह्याहून निराळी. जूनमध्ये मुंबईत आलेला इन्फ्लुएंझा पहिल्या फेरीत सौम्य होता. सप्टेंबरपासूनच्या दुसऱ्या फेरीने मात्र कहर केला. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता. हिंदुस्थानातील मृत्यूंचा पहिला सरकारी अंदाज साठ लाखांच्या आसपास होता. १९२१ च्या खानेसुमारीनंतर तो सव्वा कोटीच्या घरात गेला, आणि पुढील संशोधकांनी तो आणखी वाढविला. १९११ ते १९२१ ह्या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली, हे सांगितले म्हणजे पुरे.

दोन गोष्टी येथे ध्यानात घेण्याजोग्या आहेत. एक ही की, त्या साथीने म्हाताऱ्यांपेक्षा वीस ते चाळीस वयाची तरणीताठी माणसे अधिक नेली. दमेकरी मागे राहिला आणि त्याला उठवून बसविणारा मुलगा, ऊन पाणी देणारी सून गेली, असे किती घरांत झाले असेल! दुसरी गोष्ट नोंदीची. खेड्यातील मृत्यूची नोंद गावकामगारांच्या हातून होई, आणि कारणांचे रकाने मोजके: पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण, श्वसनाचे विकार, अपघात व इतर. वैद्यकाचा गंध नसलेल्या कामगाराने बहुतेक मृत्यू ‘ताप’ ह्या एकाच पोत्यात भरले. जुना दमा आणि त्यावर आलेला इन्फ्लुएंझा, असे दुहेरी कारण लिहावयास त्या कागदावर जागाच नव्हती. इतिहासकाराला दमेकरी सापडत नाही, ह्याचे कारण तो नव्हता असे नसून कागदाची घडणच तशी होती.

औषधांचा विषय थोडा गमतीचा आहे. धोतऱ्याच्या धुराने दम्यास उतार पडतो, हे आपल्याकडे जुने ज्ञान. १८०२ साली जनरल जेंट नावाच्या अधिकाऱ्याने ते मद्रासेहून विलायतेस नेले, आणि पुढे तेथे दम्याच्या सिगारेटी विकल्या जाऊ लागल्या. धोतरा विषारी आहे व मात्रा चुकल्यास भ्रम आणि मरण ओढवते, हे येथे सांगितलेच पाहिजे. परंतु त्यातील ॲट्रोपीनच्या धर्तीवर बनविलेले इप्राट्रोपियम हे औषध आज शहाण्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर असते. अडुळशातील व्हॅसिसीनवरून ब्रोमहेक्सीन निघाले. दाबताच मोजकी मात्रा देणारा पंप १९५६ साली अमेरिकेत बाजारात आला. ज्या वनस्पती परसात होत्या, त्या समुद्र ओलांडून, नाव बदलून, डबीत बसून परत आल्या. आमच्या एका डॉक्टर स्नेह्याला ह्यात विशेष काही वाटत नाही, आम्हांस वाटते.

आता २०२० कडे येऊ. १३ मार्च रोजी महाराष्ट्र सरकारने तोच १८९७ चा कायदा पुन्हा लागू केला. जळगाव जिल्ह्याचे नाव त्या जूनमध्ये देशभर गाजले ते दुर्दैवाने. बाधितांपैकी मरणारांचे प्रमाण येथे शेकडा दहाच्या वर गेले, तेव्हा देशाचे ते तीनच्या आसपास होते. अशा जिल्ह्यात असोद्यास राहणारे आमचे एक वृद्ध आप्त, उमेदीची वर्षे जिनात घालविलेले, ते दिवस कसे काढीत हे आम्ही जवळून पाहिले आहे. पहाटे उशाशी तीन तक्के लावून ते बसूनच जागे होत. पंप घेऊन, चूळ भरून ओट्यापर्यंत यावयास त्यांस दोन विसावे लागत. खोकला आला की गल्लीतील दोन दारे लागत. म्हणून ते खोकला उशीत दाबीत, आणि दाबलेला खोकला अधिक दमवी. शेजाऱ्यांनी काढ्यासाठी पेटविलेल्या शेगडीचा धूर त्यांच्याच खिडकीत येई, आणि तो आरोग्याचा धूर असल्यामुळे त्याविरुद्ध बोलण्याची सोय नव्हती! जळगावहून पंप आणणे हे सुनेच्या वाट्याचे काम झाले.

बोटाला लावून रक्तातील प्राणवायू मोजण्याचे यंत्र त्या वर्षी घरोघर आले. ह्या यंत्राचे तत्त्व जपानचे ताकुओ आओयागी ह्यांनी १९७४ च्या सुमारास शोधिले, आणि ज्या एप्रिलमध्ये जगाला ते यंत्र हवेसे झाले त्याच एप्रिल २०२० मध्ये ते निवर्तले. सर्वांस सांगितले जाई की, आकडा ९४ च्या खाली गेला तर दवाखाना गाठावा. आमच्या आप्तांचा चांगल्या दिवसाचा आकडा ९० होता! सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ह्या मोहिमेतील बाई दारी आल्या, तेव्हा तो आकडा पाहून त्या घाबरल्या व गाडी बोलविण्याच्या तयारीस लागल्या. सुनेने वही दाखविली. ‘आबा, आज किती आला?’ असे विचारून ती रोज सकाळी आकडा लिहून ठेवी. डॉक्टरांनी फोनवरून बाईंची समजूत घातली: अशा रोग्याला प्राणवायू द्यावयाचा झाला तरी ८८ ते ९२ हेच लक्ष्य, कारण अधिक दिल्याने रक्तात कार्बनवायू साचून गुंगी येते. सरासरीचा नियम कोट्यवधींस तारतो हे खरे. पण सरासरीबाहेरच्याला स्वतःचा नियम स्वतः बाळगावा लागतो, आणि तो वहीत लिहिलेला असेल तरच दुसऱ्याला पटतो.

१ मार्च २०२१ पासून साठीच्या वरील सर्वांस लस खुली झाली. पंचेचाळीस ते साठ ह्या वयाच्यांस मात्र आधी व्याधीचा दाखला हवा होता, आणि छातीच्या रोग्याला तो मिळे तो फुप्फुसांची शक्ती निम्म्याखाली उतरली असेल किंवा मागील दोन वर्षांत इस्पितळात राहावे लागले असेल तरच. म्हणजे ज्याने पथ्य सांभाळून इस्पितळ टाळले, तो महिनाभर मागे राहिला. त्याच वसंतात प्राणवायूची टंचाई पडली. २१ एप्रिलला नाशिकच्या इस्पितळात टाकी गळून २२ रोगी दगावले. ह्याउलट खानदेशातलाच नंदुरबार जिल्हा, जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारुड ह्यांनी आदल्या सप्टेंबरातच प्राणवायूचा प्रकल्प उभारल्यामुळे, पुष्कळ सावरला.

नोंदीच्या बाबतीत शंभर वर्षांत काय बदलले? भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० मध्ये नियम घातला की, करोनाने मृत्यू आल्यास दमा किंवा सीओपीडी हे मूळ कारण धरू नये. नियम शास्त्रशुद्ध आहे. तो नसता तर साथीचे मृत्यू लपविण्यास वाट मिळाली असती. जुने दुखणे दाखल्याच्या दुसऱ्या भागात लिहिता येते, हीही सुधारणाच. परंतु वर्तमानपत्रात जो आकडा छापतात तो पहिल्या भागाचा.

एक गोष्ट मात्र कोणाच्या ध्यानीमनी नव्हती. अनेक देशांतील इस्पितळांच्या नोंदी तपासल्या तेव्हा असे दिसले की, दमा बळावून दाखल होणाऱ्या सीओपीडीच्या रोग्यांची संख्या साथीच्या पहिल्या वर्षी जवळजवळ निम्म्यावर आली. काहीजण भीतीने घरीच राहिले असतील. पण मुखपट्टी, बंद बाजार व विरळ गर्दी ह्यांमुळे साधे पडसेही कमी झाले, हेही तितकेच खरे. आमच्या आप्तांचा २०२० चा हिवाळा त्यांच्या म्हणण्याप्रमाणे दहा वर्षांतील बरा गेला. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याला, राज्यातील मुखपट्टीची सक्ती उठली. त्यांनी ती खुंटीस टांगून ठेविली, आणि दसऱ्यानंतर जिन सुरू होताच पुन्हा बांधली.