ओल्या नारळाची वडी

ओल्या नारळाची वडी हा खवलेला ओला नारळ आणि साखर किंवा गूळ एकत्र आटवून, तूप लावलेल्या थाळीत थापून केला जाणारा महाराष्ट्रातील गोड पदार्थ आहे. तो भाजावा किंवा तळावा लागत नाही. एक जाड बुडाची कढई, एक उलथने आणि एक थाळी एवढ्यावर तो होतो. संपूर्ण कोकण किनारपट्टीवर आणि गोव्यात तो घरोघरी केला जातो. प्रस्तुत लेखात सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पद्धतीचा विचार मुख्यत्वे केला असून, याच घटकांपासून केल्या जाणाऱ्या नारळ-कॅरॅमलच्या चॉकलेट ट्रफल या अलीकडच्या प्रकाराचीही माहिती दिली आहे.

नाव

मराठीत ‘खोबरे’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. नुसते ‘खोबरे’ म्हटले की देशावर सुकी वाटी डोळ्यांसमोर येते, तर किनाऱ्यावर ताज्या गरालाही खोबरेच म्हणतात. त्यामुळे ‘खोबऱ्याची वडी’ या नावाखाली दोन वेगळे पदार्थ मोडतात. सुक्या खोबऱ्याच्या किसाची किंवा बाजारातील कोरड्या चुऱ्याची वडी टिकते अधिक, पण तिला ताज्या नारळाचा ओलावा व गोडी नसते. कोकणात वडी म्हणजे ओल्या नारळाचीच, असे गृहीत धरले जाते. गूळ घालून शिजवलेल्या सैलसर मिश्रणाला गोव्यात व दक्षिण कोकणात ‘चून’ म्हणतात. मोदक आणि नेवरी (करंजी) यांचे सारण ते हेच.

पार्श्वभूमी

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. त्याचे मुख्यालय सिंधुदुर्गनगरी (ओरोस) येथे आहे. मालवण, वेंगुर्ले आणि देवगड या किनारी तालुक्यांत नारळ हे परसातले झाड आहे. येथील पारंपरिक उंच जातीला ‘बाणवली’ म्हणतात. डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या रत्नागिरीजवळील भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राने निवडलेली ‘प्रताप’ ही जातही कोकणात लावली जाते. नारळ घरचा, मात्र गूळ घाटावरचा, अशी या पदार्थाची विभागणी आहे. फोंडा, करूळ आणि आंबोली हे घाट उतरून कोल्हापूरकडील गूळ जिल्ह्याच्या बाजारांत येतो.

वडीचा संबंध सणांपेक्षा सणानंतरच्या दिवसांशी अधिक आहे, ही गोष्ट सहसा नोंदवली जात नाही. श्रावणातील नारळी पौर्णिमेला मालवणच्या किनाऱ्यावर समुद्राला नारळ अर्पण केला जातो आणि नारळ लढवण्याच्या स्पर्धा होतात. त्यात फुटलेले नारळ जिंकणाऱ्याच्या घरी जातात. गणेश चतुर्थीत माटवीला टांगलेले, तसेच पूजेत आणि भजनाच्या वेळी फोडलेले नारळ विसर्जनानंतर घरात साठतात. पावसाळी हवेत फुटलेला नारळ एका दिवसात आंबूस होतो. एकाच वेळी पाच-सात वाट्या संपवण्याचा सोपा मार्ग म्हणजे वडी. मुंबईहून आलेले चाकरमानी परत निघताना त्यांच्या पिशवीत डबा जातो तो याच वड्यांचा, आणि हा पदार्थ किती दिवस टिकावा या प्रश्नाला तेथूनच महत्त्व येते.

घटक

एका मध्यम, पक्व नारळातून साधारण दोन वाट्या कीस निघतो. दोन वाट्या किसाला दीड वाटी साखर, पाव ते अर्धी वाटी साईसकट दूध, दोन चमचे तूप आणि वेलदोड्याची पूड हे घरगुती प्रमाण आहे. पाणी घालत नाहीत, कारण ताज्या गरात वजनाच्या जवळजवळ निम्मे पाणी असते आणि साखर त्यातच विरघळते. तिसरा हिस्सा चरबीचा असतो. म्हणूनच तूप फक्त चकाकीपुरते आणि थाळीपुरते लागते.

नारळ अकरा-बारा महिन्यांचा, हलवल्यावर पाणी वाजणारा असावा. शहाळ्याकडे झुकलेल्या कोवळ्या नारळाचा गर बुळबुळीत राहतो आणि वडी धरत नाही. खवताना करवंटीलगतची तपकिरी पाठ येऊ देत नाहीत. ती आली की वडी मळकट दिसते. मिक्सरमध्ये तुकडे फिरवून केलेल्या किसापेक्षा खवणीवरचा कीस चांगला मानला जातो, आणि त्यामागे केवळ परंपरेचा आग्रह नाही. पाते गराला चिरडते, त्यातून रस व तेल सुटते. खवणी लांबट, मोकळे धागे काढते.

कृती

कीस, साखर आणि दूध जाड बुडाच्या कढईत एकत्र करून मध्यम आचेवर ठेवतात. प्रथम साखर विरघळून मिश्रण पातळ होते, मग बुडबुडे येत आटू लागते. येथून हात थांबवून चालत नाही. साधारण पंधरा-वीस मिनिटांनी मिश्रण कडा सोडू लागते, उलथन्याबरोबर एकत्र फिरते आणि कढईच्या कडेला साखरेचा पांढरट थर दिसू लागतो. हा थर हीच खरी खूण. वेलदोडा व उरलेले तूप घालून, आच बंद करून आणखी मिनिटभर घोटतात आणि लगेच थाळीत ओततात. तूप लावलेल्या वाटीच्या बुडाने ते अर्धा इंच जाडीचे थापतात. कोमट असतानाच सुरीने चौकोनी किंवा शंकरपाळ्याच्या आकाराच्या रेघा पाडतात आणि पूर्ण गार झाल्यावर वड्या सोडवतात.

मिश्रण लवकर उतरवले तर वडी थापता येते पण कापता येत नाही. ते पुन्हा कढईत घालून आटवावे. उशीर झाला तर वडी भुसभुशीत होऊन तिचा चुरा पडतो. अशा वेळी दोन-तीन चमचे दूध शिंपडून मंद आचेवर मिश्रण मऊ करून घेतात.

वडी जमण्यामागील कारण

वडी जमते ती नारळामुळे नव्हे, साखरेमुळे. पाणी आटत गेले की उरलेल्या पाण्यात मावेल त्यापेक्षा अधिक साखर विरघळलेली राहते. असे द्रावण थंड होताना साखर स्फटिकरूपाने बाहेर पडते. सतत घोटल्यामुळे हे स्फटिक असंख्य आणि अतिशय बारीक होतात; ते नारळाच्या धाग्यांना धरून ठेवतात, तरी जिभेला खर लागत नाही. घोटणे थांबले तर थोडेच पण मोठे स्फटिक तयार होतात आणि वडी रवाळ, कडक होते. पाकाच्या भाषेत ही अवस्था गोळीबंद पाकाच्या जवळपास येते. साध्या पाकाचे तापमान या टप्प्यावर ११२ ते ११६ अंश सेल्सिअस असते आणि थंड पाण्यात टाकलेल्या थेंबाची मऊ गोळी होते.

हवामानाचाही यात वाटा आहे. नारळाची चरबी सुमारे २४ अंशांच्या खाली गोठते. त्यामुळे जानेवारीत घट्ट वाटणारी वडी मे महिन्यात, त्याच प्रमाणाने केलेली असूनही, नरम लागते. पुण्यात किंवा दिल्लीत हिवाळ्यात ती दगडासारखी झाली अशी तक्रार होते, त्याचे कारण बहुधा हेच असते; डबा काही वेळ उबदार जागी ठेवला की ती पूर्ववत होते.

गुळाची वडी

दोन वाट्या कीस, एक ते सव्वा वाटी चिरलेला गूळ, तूप आणि किसलेले जायफळ यांपासून गुळाची वडी करतात. जायफळाची झाडे कोकणातील नारळ-सुपारीच्या बागांत आंतरपीक म्हणून लावली जातात, त्यामुळे वेलदोड्यापेक्षा ते येथे हाताशी असते. या वडीत दूध घालत नाहीत, कारण गुळाच्या आंबटपणाने ते फाटण्याचा संभव असतो.

गुळाची वडी साखरेच्या वडीसारखी कधीच कोरडी होत नाही. उसाचा रस उकळताना त्यातील काही साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांत विघटन होते. या दोन शर्करा स्फटिक बनण्याला अडथळा करतात आणि हवेतील ओलावा ओढून घेतात. पावसाळ्यात ही वडी डब्यातच पाझरते ती त्यामुळे. ‘पाक चुकला’ असा दोष येथे करणाऱ्याच्या माथी मारला जातो, तो बहुतेक वेळा अन्यायाचा असतो. अनेक घरांत चौथा हिस्सा साखर मिसळतात. त्याने रंग व चव गुळाची राहते आणि वडी कापता येते. चिक्कीसाठी मिळणारा गूळ मात्र वापरू नये, वडी चिवट होते.

कॅरॅमल आणि ट्रफल

गूळ-खोबऱ्याच्या चवीला ‘देशी कॅरॅमल’ म्हणण्याची पद्धत अलीकडे पडली आहे. चवीपुरते ते मान्य करता येईल, प्रक्रियेच्या दृष्टीने मात्र दोन्ही भिन्न आहेत. कॅरॅमल म्हणजे कोरडी साखर सुमारे १६० ते १७० अंशांपर्यंत तापवून, तिचे रेणू मोडून आलेला तांबूस रंग व किंचित कडवट स्वाद. वडीचे मिश्रण त्या तापमानाच्या जवळपासही जात नाही. गुळाचा रंग व स्वाद गुऱ्हाळातच तयार झालेला असतो.

नारळ-कॅरॅमलचा ट्रफल करण्यासाठी १५० ग्रॅम साखर कोरड्या, जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर तांबूस होईपर्यंत वितळवतात. त्यात १०० मिलिलिटर गरम केलेला नारळाचा पहिला दाट रस थोडा थोडा ओततात. या वेळी वाफेचा झोत आणि उकळते शिंतोडे वर येतात. भांडे खोल असावे आणि मुलांना दूर ठेवावे, कारण साखरेच्या पाकाने होणारी भाजणी उकळत्या पाण्यापेक्षा खोल असते. मग २५ ग्रॅम लोणी, चिमूटभर मीठ आणि कोरडा होईपर्यंत परतलेला २०० ग्रॅम कीस घालून गोळा होईपर्यंत आटवतात. गार मिश्रणाचे लिंबापेक्षा लहान गोळे वळून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवतात आणि वितळवलेल्या चॉकलेटमध्ये बुडवतात. सुमारे पंचवीस गोळे होतात. त्यांना २०० ग्रॅम चॉकलेट पुरते.

चॉकलेट गरम पाण्याच्या भांड्यावर दुसरे भांडे ठेवून वितळवतात. त्यात पाण्याचा थेंबही पडू देऊ नये. थोड्याशा पाण्याने ते घट्ट, खडबडीत होते. खरे चॉकलेट चकचकीत आणि टणक बसावे यासाठी ते ४५ ते ५० अंशांपर्यंत वितळवून, २७-२८ अंशांपर्यंत थंड करून, पुन्हा ३१-३२ अंशांवर आणावे लागते. बाजारात ‘कंपाउंड’ नावाने मिळणाऱ्या पाट्यांत कोको बटरऐवजी दुसरी वनस्पतिज चरबी असते. त्यांना हा उपद्व्याप लागत नाही, पण तोंडात विरघळण्याचा गुणही त्यांच्यात कमी असतो.

किनाऱ्यावर या पदार्थाची खरी अडचण वेगळीच आहे. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळते, आणि उन्हाळ्यातील दुपारी मालवणात पारा सहज तेथे पोहोचतो. त्यातच नारळाची चरबी हळूहळू चॉकलेटमध्ये मुरते व त्याचा वितळणांक आणखी खाली आणते. पहिल्या दिवशी कुरकुरीत असलेले कवच दोन-तीन दिवसांत मऊ पडते. फ्रीजमधून काढलेल्या गोळ्यांवर दमट हवेमुळे दव धरते आणि ते वाळल्यावर पांढरे डाग दिसतात. ती बुरशी नसून वर आलेली साखर असते. गोळे झाकणबंद डब्यातच बाहेर काढून, डबा खोलीच्या तापमानाला आल्यावर उघडल्यास हे टळते.

चॉकलेट आणि नारळ यांची जोडी जगात इतरत्र जुनी आहे. ब्रिटनमध्ये १९५१ साली बाजारात आलेली ‘बाउंटी’ वडी नारळाच्या सारणाचीच आहे. ब्राझीलमधील ‘बेजिन्यो’ हा आटवलेल्या गोड दुधात नारळ शिजवून वळलेला गोळा तर मिल्कमेड घालून केलेल्या आपल्याकडील झटपट लाडवाचा सख्खा भाऊ शोभतो. गोव्यातील दोदोल हा नारळाचा रस, गूळ व तांदळाचे पीठ यांचा पदार्थही याच कुळातील; तो शिजल्याची खूण म्हणजे बाजूने सुटणारे तेल.

टिकाऊपणा व विक्री

साखर पाणी धरून ठेवते आणि जंतूंना ते मिळू देत नाही, यावर वडीचे टिकणे अवलंबून असते. मात्र ओल्या नारळाचे व दुधाचे पाणी पूर्ण आटलेले नसल्याने हे संरक्षण अपुरे असते. दुधाची वडी पावसाळ्यात बाहेर दोन-तीन दिवसच चांगली राहते; दूध न घातलेली वडी थोडी अधिक. बिघाडाची पहिली खूण बुरशी नसते. नारळाच्या चरबीत लॉरिक आम्ल मोठ्या प्रमाणात असते. ते मोकळे झाले की साबणासारखा खवट स्वाद येतो. असा स्वाद आलेली वडी परतून किंवा वेलदोडा वाढवून सुधारत नाही, ती टाकून द्यावी. प्रवासाला द्यायच्या वड्या पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरतात, कारण कोमट वडीची वाफ झाकणाला धरून पुन्हा तिच्यावरच गळते.

मालवण, कुडाळ, कणकवली आणि सावंतवाडी येथील दुकानांत वड्या मालवणी खाजे आणि कोकम आगळ यांच्या शेजारी मांडलेल्या दिसतात. खाजे गुळाच्या कडक पाकात घोळलेले व कोरडे असल्याने आठवडेच्या आठवडे टिकते आणि जत्रेतून थेट मुंबईपर्यंत जाते. वडीला ते साधत नाही. महिलांच्या स्वयंसहाय्य गटांनाही वड्यांच्या विक्रीत हीच मर्यादा जाणवते. घरगुती प्रमाणावर विक्री करणाऱ्यांनाही अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ नुसार नोंदणी करावी लागते, आणि सुट्या मिठाईच्या ट्रेवर ‘अमुक तारखेपूर्वी खावे’ अशी तारीख लावण्याचा नियम १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झाला आहे.