डॉक्टर आणि तहसील यांच्या मधे

संजय गांधी निराधार योजना १९८० मध्ये आली. तिच्यात अपंगत्व डॉक्टर ठरवतो, निराधारपण तहसील. माझ्या मते लाभ मिळण्यातल्या विलंबाचं मूळ कारकुनाच्या आळसापेक्षा या दुहेरी रचनेत आहे. तपासणीचं मंडळ जिल्ह्याच्या ठिकाणी असलं, की उमरखेडहून यवतमाळ शंभरेक किलोमीटर. त्यात दिवसाची मजुरीही बुडते. खोटे लाभार्थी रोखायला तपासणी हवीच, हा आक्षेप रास्त आहे. पण ४० टक्के अपंगत्वाच्या अटीत ३९ टक्केवाला खोटा नसूनही बाद होतो. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवा नाकारताना लेखी कारण देणं बंधनकारक केलं, अपिलाचीही सोय केली. मात्र तोंडी 'नंतर या'वर अपील करता येत नाही. त्यासाठी आधी अर्जाची तारखेसह पोच हातात हवी.