हजेरीपट आणि कोल्हापूरचा सक्तीचा कायदा

वर्गात बसलेल्यांची नोंद हजेरीपट ठेवतो. परंतु ज्याचे नावच पटावर नाही, त्याची गैरहजेरी कोणता शिक्षक मांडणार? राजर्षी शाहू छत्रपतींच्या १९१७ च्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या कायद्याचे खरे वैशिष्ट्य या प्रश्नात आहे. कागल व कोल्हापूर येथे शिकलेल्या गोपाळ कृष्ण गोखले यांचे अशाच हेतूचे विधेयक केंद्रीय कायदेमंडळाने १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले होते. कोल्हापुरात मात्र मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा १ रुपया दंड ठरला. तत्कालीन शेतकऱ्यास ही रक्कम क्षुल्लक नव्हती. दंड करावयाचा तर शाळेबाहेरच्या मुलांची गणती आलीच. म्हणजे नजर मुलाइतकीच बापावरही होती. अस्पृश्यांच्या स्वतंत्र शाळा बंद करून त्यांच्या मुलांस सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम १९१९ मध्ये निघाला, तेव्हा पटाच्या इतिहासाला नवे वळण लागले.

पुढे दोष उलटा झाला. अनुदानासाठी पटावर खोटी नावे चढू लागली, आणि ऑक्टोबर २०११ च्या राज्यव्यापी पटपडताळणीत विद्यार्थ्यांच्या बोटांना, मतदारांप्रमाणे, शाई लावण्यात आली. २०१५ मध्ये ‘सरल’ ही संगणकीय नोंदपद्धती आली. तथापि हंगामात मराठवाड्यातून पश्चिम महाराष्ट्राच्या उसाच्या फडात येणाऱ्या मजुरांची मुले नावाने गावच्या पटावर आणि देहाने फडातच आढळतात.